सोलापुरातली रात्रीची 'भूतफेरी' : जाऊन आले, आता तुमच्याशी बोलायचंय

बाळीवेसची_लेक | रविवार, रात्री १०.४०

मागच्या आठवड्यात आईकडे सोलापूरला होते. चुलतभावाने मला न विचारताच दोन तिकिटं काढून ठेवली. "ताई, आपल्याकडंबी आता भुताची फेरी निघाली, चल की." माणशी साडेतीनशे रुपये, शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेअकरा, कंदील त्यांचेच. पुण्यात राहून शनिवारवाड्याची 'काका मला वाचवा' इतक्यांदा ऐकली आहे की आपल्या गावाला रात्रीची म्हणून काही गोष्ट आहे, हे ऐकूनच मी हरखले.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच होतं. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी, म्हणजे १९३१ साली इंग्रजांनी फाशी दिलेल्या आपल्या चौघांच्या पुतळ्यांपाशी, पंचवीसेक माणसं जमली. तिथून भुईकोटाच्या कडेने, हुतात्मा बागेच्या बाजूने चालत सिद्धेश्वर तळ्यापर्यंत. या रस्त्याने मी शाळेत असल्यापासून हजार वेळा गेले असेन, पण पायी आणि रात्री कधीच नाही. दिवसा किल्ला म्हणजे बागेच्या मागची भिंत. कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा कळलं की तट एक नाही, दोन आहेत. बाहेरचा बुटका, आतला उंच, आणि आतल्या तटाचे बुरुज अंधारात आपल्या अंगावर झुकल्यासारखे वाटतात. तळ्याच्या बाजूला आलो तसा वारा बदलला, ओल्या शेवाळाचा वास आला, आणि पाण्यामधल्या देवळाचे दिवे दिसले. माझा भाऊ एरवी एक मिनिट गप्प बसत नाही. तोसुद्धा उभा राहिला.

आता तक्रार. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, रात्री आत जाता येत नाही. ते बरोबरच आहे. तर तटाबाहेर उभं करून वाटाड्याने आतल्या बाळंतिणीच्या विहिरीची गोष्ट सांगितली. काळा अंगरखा, आवाज अगदी भारी. पण गोष्ट काय, तर हडळ, उलटे पाय, तान्ह्या मुलाचं रडणं. आणि ऐन वेळी झाडामागून पांढरी साडी नेसलेला त्यांचाच एक पोरगा धावत आला. सगळे किंचाळले, मग हसले. एक पाच-सहा वर्षांची मुलगी मात्र रडायची थांबेना.

ही गोष्ट मी आजीकडून ऐकली आहे. तिची गोष्ट अशी होती की बुरुज बांधला की खचायचा, पुन्हा बांधला की पुन्हा खचायचा, मग कुणीतरी सांगितलं की जीव द्यावा लागतो, आणि एका घरातली बाळंतीण सून दिली. असलं कितीतरी गडांबद्दल सांगतात, ते खरंच घडलं होतं असं मी म्हणत नाही. पण आजी ती सांगताना आवाज बारीक करून आम्हाला घाबरवायची नाही. ज्वारी निवडता निवडता सांगायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "तिचं नाव कुणी ध्यानात ठेवलं नाही बघ." ती बाई भूत आहे असं आजी कधीच म्हणाली नाही. बाई कोण होती हे कुणाला ठाऊक नाही, याचंच तिला वाईट वाटायचं.

आणि दुसरं, जे मला जास्त लागलं. फेरी चार हुतात्म्यांच्या पायाशी सुरू झाली आणि त्या चौघांबद्दल अवाक्षर नाही! मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, ते इतिहासात येतं, आपला विषय भुतांचा आहे. इथे गाड्या लावायला सोयीचं पडतं म्हणून जमतो."

म्हणून हा धागा. तुमच्यापैकी कुणी गेलं होतं का? आणि तुमच्या हातात कंदील दिला तर सोलापूरच्या रात्री तुम्ही काय सांगाल? आम्ही चार-पाच जण आपल्यापुरतं काहीतरी ठरवतोय. विनातिकीट.

---

कंबर_तलाव | रविवार, रात्री १०.५८

मी गेलतो की ताई, पहिल्याच शनिवारी. मला लई आवडलं खरं सांगायचं तर. भीती वाटायला पाहिजेच की, नाहीतर कोण येणार रात्री चालायला? पण हुतात्म्यांचं तुमचं पटलं. माझ्या ग्रुपमधल्या दोघांना चौघांची नावं येईनात, दोघंही सोलापूरचेच.

---

विवेकी_सोलापूरकर | रविवार, रात्री ११.२०

मूळ कल्पनेलाच माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट मांडतो. ज्या राज्याने २०१३ साली नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, ज्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातलं, तिथे नरबळीची गोष्ट तिकीट लावून करमणूक म्हणून सांगायची? त्या पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आता 'बाळंतीण मेली की हडळ होते' हे बसलं. आपल्याकडे बाळंतपणात बायका मरायच्या तेव्हा घरचे हेच म्हणायचे. त्यामुळे ती का मेली हा प्रश्न कुणी विचारायचंच नाही. सुईण वेळेवर आली नाही, रक्त गेलं, ताप चढला, हे सगळं 'हडळ' या एका शब्दाखाली दडपलं गेलं.

रात्री चाला, इतिहास सांगा, आनंद आहे. भूत हा शब्द काढा.

---

तिसरी_पाळी | सोमवार, पहाटे ५.१५

विवेकी, तुमचा मुद्दा कळतो. पण शब्द काढू नका. गिरणगावातल्या माणसाला या शब्दाशिवाय काही गोष्टी सांगताच येत नाहीत.

आमचे वडील जुन्या गिरणीच्या शेजारी वाढले आणि पुढे दुसऱ्या गिरणीत मागावर लागले. नव्या पिढीला सांगतो, मुरारजी पेठ हे नाव ज्या मोरारजी गोकुळदासांवरून पडलं, त्यांनीच जुनी गिरणी काढली, १८७७ साली ती चालू झाली. पुढे नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली. गावाला घड्याळाची गरज नव्हती, भोंगा होता. भोंग्यावर चूल पेटायची आणि भोंग्यावरच पोरं शाळेला जायची.

तिसऱ्या पाळीहून येणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही उशाशी घेऊन झोपलो. चिमणीखाली उभा राहून विडीला काडी मागणारा माणूस, बंद खात्यातून येणारा मागावरच्या धोट्याचा आवाज. आता यातलं खरं काय ते सांगतो. मागखात्यात शेकडो माग एका छपराखाली चालत. तिथे माणसं बोलत नसत, ओठ वाचत आणि हातवारे करत. आठ तास तो दणका ऐकून रात्री सामसूम रस्त्यावर आलं की कान वाजायचेच. वडिलांना साठीत जवळजवळ ऐकू येत नव्हतं. पण बंद गिरणीतला धोटा ऐकू यायचा.

गिरणी बंद पडल्यावरही ते रोज पहाटेच्या भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. आई म्हणायची, "अहो, आता भोंगा नाही." ते म्हणायचे, "झाला की. तुला ऐकू आला नाही." बारा वर्षं हे चाललं. मला सांगा, याला भूत म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि त्यात अंधश्रद्धा कुठे आहे?

मीही याच वेळेला उठतो. प्रतिसादाची वेळ बघा.

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ९.०५

तिसरी_पाळी काका, काटा आला अंगावर. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

---

विवेकी_सोलापूरकर | सोमवार, सकाळी ९.४०

तिसरी_पाळी, माघार घेतो. तुमच्या वडिलांच्या भोंग्याला भूत म्हणायला माझी काही हरकत नाही.

---

उसाचा_फड | सोमवार, दुपारी १.३०

सध्या इंग्लंडात यॉर्कजवळ नोकरीला आहे, मूळचा बार्शीचा. इथे भूतफेरी हा रोजचा धंदा आहे. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला उंच टोपी आणि काळा डगला घातलेली माणसं चौकाचौकात उभी असतात. मी तीन वेगवेगळ्या फेऱ्या केल्या, त्यातल्या एकीबद्दल सांगण्यासारखं आहे.

मोठ्या चर्चच्या मागे ट्रेझरर्स हाउस म्हणून जुना वाडा आहे. १९५३ साली तिथल्या तळघरात हॅरी मार्टिनडेल नावाचा नळकामाचा उमेदवार पोरगा शिडीवर चढून काम करत होता. त्याला तुतारीसारखा आवाज आला आणि भिंतीतून रोमन सैनिक बाहेर पडताना दिसले. घोडा, मागे दमलेले, मळलेले शिपाई. पण सगळे गुडघ्यापासून वर! पाय जमिनीत. चालत चालत ते तळघरातल्या एका खणलेल्या जागेपाशी आले तेव्हा त्यांचे पाय दिसले, कारण तिथे जुना रोमन रस्ता उघडा पडला होता. तो रस्ता तळघराच्या फरशीपेक्षा फूट-दीड फूट खाली होता. पोरगा घाबरून पळाला आणि पुढे वीसेक वर्षं त्याने हे जाहीरपणे सांगितलं नाही. मधल्या काळात तो पोलीस झाला होता.

आमच्या वाटाड्याने ही गोष्ट कसलंही सोंग न करता, नेहमीच्या आवाजात सांगितली. भूत खरं की खोटं यावर तो एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "आता तुम्ही उभे आहात त्याच्या खाली काय आहे त्याचा विचार करा." सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्या खाली दुसरं गाव आहे, हे मला शाळेतल्या कुठल्याही धड्याने इतकं पटवलं नव्हतं.

तेव्हा मला आपला भुईकोटच आठवला. आतमध्ये जमिनीच्या पातळीखाली उकरून काढलेलं जुनं देऊळ आहे, बत्तीस खांबांची इमारत आहे. बहमनी गेले, मग हा किल्ला निजामशाहीत आणि आदिलशाहीत लग्नाच्या बोलीत फिरत राहिला. चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण गेलं. त्याआधी आदिलशाहीची मुलगी निजामशाहीत गेली तेव्हाही सोलापूर देऊ असं कबूल केलं होतं, ते दिलं नाही म्हणून लढाया झाल्या. बाळीवेसची_लेक, तुमच्या विहिरीतल्या बाईला नाव नाही, पण या किल्ल्यासाठी नाव असलेल्या मुलीही दिल्या-घेतल्या गेल्याच. त्या दोन्ही गोष्टी एकाच तटापाशी सांगता येतील.

---

बाळीवेसची_लेक | सोमवार, दुपारी २.१०

उसाचा_फड, शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

---

पेंढीची_साडी | सोमवार, संध्याकाळी ७.२५

तुम्ही सगळे किल्ल्याभोवतीच फिरताय. अहो, सोलापूरची खरी रात्र होम मैदानावर असते!

संक्रांतीची यात्रा आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काय आहे ते आपण बघतच नाही. कुंभाराची मुलगी सिद्धरामांच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या, अंगणात सडा-रांगोळी करायची, तिने त्यांच्याशी लग्न करायचं मनात धरलं. ते शिवयोगी, लग्न कसं करणार? म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं. तेच आपल्या यात्रेत मिरवतात ते नंदीध्वज. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणतात. आणि दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या रात्री, कडब्याच्या पेंढीची कुंभारकन्या करून, तिला साडी-चोळी नेसवून, सौभाग्याचं लेणं घालून होमात अर्पण करतात. मग मध्यरात्रीच्या सुमाराला वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, गाजर ठेवायचं आणि ते कशाला तोंड लावतं, कशाला बुजतं त्यावरून यंदा पाऊस कसा, काय महागणार ते सांगायचं.

माझी आई त्या रात्री होमाकडे बघून दर वर्षी डोळे पुसते. लहानपणी मला वाटायचं धूर गेला असेल. नंतर एकदा विचारलं तर म्हणाली, "लेक सासरी निघाली की रडू येतंच." बाराव्या शतकातली मुलगी, आणि आई तिला अजून पाठवते आहे. विहिरीतल्या बाईला नाव नाही म्हणता, हिलाही आपण कुंभारकन्या एवढंच म्हणतो. पण हिला हडळ म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण हिला आपण दर वर्षी साडी नेसवतो.

तुमच्या फेरीत संमती कट्टा घ्याच. तिथे कंदील खाली ठेवा, बोलू नका, नुसते पाच मिनिटं बसा.

---

कंबर_तलाव | सोमवार, संध्याकाळी ७.५०

हर्र बोला हर्र! हे मला नंदीध्वजाच्या मागं नाचत असूनबी एवढं माहीत नव्हतं.

---

मोकळा_वारा | सोमवार, रात्री ११.३५

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

तुम्ही सगळे रात्री चालण्याबद्दल बोलताय. सोलापुरात रात्री चालणं सगळ्यांना मोकळं नव्हतं. मी सेटलमेंटमधला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी, जन्मला की गुन्हेगार. सोलापूरला तारेचं कुंपण घालून वसाहत केली. आमचा आजा तारेच्या आतून गिरणीत कामाला जायचा आणि पुन्हा तारेच्या आत यायचा. हजेरी द्यायची. रात्री घरात सापडला नाही तर शिक्षा. गावात कुठे चोरी झाली की शिपाई आधी आमच्याकडे.

देश १९४७ ला स्वतंत्र झाला, आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं आणि सोळा दिवस उशिरा. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो.

गावातले लोक आपल्या पोरांना झोपवताना काय म्हणायचे माहीत आहे? "झोप, नाहीतर सेटलमेंटवाला येईल." तुमच्या गोष्टीत रात्रीचं भूत म्हणून आम्ही होतो. वडील अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. तार तुटली तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांना हे वाक्य अजून लागतं.

म्हणून बाळीवेसची_लेक यांचं 'ती बाई भूत नव्हती' हे वाचलं आणि लिहायला बसलो.

---

तिसरी_पाळी | मंगळवार, पहाटे ५.२०

मोकळा_वारा, तुमचा आजा आणि माझे वडील कदाचित एकाच खात्यात असतील. आमच्याकडेही ते वाक्य म्हटलं जायचं. मी ऐकलंय आणि पोरांना म्हटलंयही. आज त्याची लाज वाटते. माफी मागतो.

---

मोकळा_वारा | मंगळवार, सकाळी ८.००

काका, माफी कसली. फेरीला या म्हणजे झालं. मी वडिलांना आणतो.

---

विवेकी_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी १०.१५

मोकळा_वारा यांच्या धाग्याला जोडून. १९३० च्या मे महिन्यात अख्ख्या सोलापुरालाच रात्री चालायची बंदी होती. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, ८ मेला रूपाभवानीच्या बाजूला लोक दारूबंदीसाठी शिंदीची झाडं तोडायला जमले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. पुढे इंग्रजी अंमल उठल्यासारखाच झाला आणि ९, १०, ११ मे हे तीन दिवस गाव लोकांनी सांभाळलं. १२ मेला मार्शल लॉ पुकारला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी पुरे होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिलं.

पेंढीची_साडी यांचं वाचलं आणि आज पहिल्यांदा तारखेकडे नीट पाहिलं. १२ जानेवारी. म्हणजे गावात संक्रांतीच्या यात्रेची लगबग, आणि येरवड्यात हे. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चौघंही त्या वर्षी यात्रेला नव्हते.

मी येतो फेरीला. पुतळ्यांपाशी बोलायचं काम मला द्या.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी १२.४०

मी पूर्व भागातली, आमच्या गल्लीत यंत्रमाग रात्रभर चालतात. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. सासूबाई विड्या वळतात, गुडघ्याचं दुखणं आहे, पण त्यांना यायचंय. चालणं किती? आणि तेलुगूत कुणी सांगणारं असेल का? त्यांना मराठी समजतं, पण गोष्ट आपल्या भाषेत ऐकली की वेगळंच वाटतं.

---

बाळीवेसची_लेक | मंगळवार, दुपारी १.००

सगळ्यांचं मिळून असं ठरवते, चुकलं तर सांगा.

येत्या शनिवारी रात्री नऊ, चार हुतात्मा पुतळा. तिथे विवेकी बोलतील. मग तटाच्या कडेने सावकाश, विहिरीची गोष्ट आजी सांगायची तशी मी सांगेन आणि चांदबीबीचं तिथेच. तळ्याकाठी संमती कट्ट्यावर बसायचं. गिरणी लांब पडते, म्हणून तिसरी_पाळी काका भोंग्याचं कट्ट्यावरच सांगतील. एकूण दीड किलोमीटरच्या आत. शेंगाचटणी, सासूबाईंसाठी भाऊ दुचाकी घेऊन सोबत राहील, आणि तेलुगूत त्यांना तुम्हीच सांगा, तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार? आम्हालाही ऐकू दे. कन्नडला पेंढीची_साडी आहेत.

कुणी कुणाला दचकवायचं नाही. मोबाइलचे दिवे बंद. कुत्र्यांसाठी हातात काठी असू द्या, पण उगारू नका. लहान मुलं आणायला हरकत नाही.

---

बाळीवेसची_लेक | रविवार, सकाळी ११.३०

काल झाली. सतरा जण आले.

विवेकींनी चौघांची नावं घेतली. बाजूला पाणीपुरीची गाडी आवरत असलेला माणूस काम थांबवून ऐकत उभा राहिला. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे हे विवेकींनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे आमच्या अब्बांकडून ऐकलंय."

विहिरीची गोष्ट सांगताना माझा आवाज मध्येच अडकला. आजी जाऊन सहा वर्षं झाली. गोष्ट संपल्यावर सासूबाई शेंगाचटणीला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या माहेरीही, तळ्याच्या बांधासाठी दिलेल्या सुनेची अशीच गोष्ट सांगतात म्हणे. तिलाही नाव नाही.

कट्ट्यावर बसलो. तिसरी_पाळी काकांनी भोंग्याचं सांगितलं आणि मोकळा_वारा यांच्या वडिलांच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. पाण्यात देवळाचे दिवे हलत होते. मग आजोबांनी विचारलं, "किती वाजले?"

मुलाने सांगितलं, पावणेअकरा.

"माझ्या बापानं हे तळं रात्री कधी बघितलं नाही," ते म्हणाले. उठायची कुणाला घाई नव्हती. अकरा वाजून गेले तरी ते तिथेच बसले होते, म्हणून आम्हीही बसलो.

पुढची फेरी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वेळ आणि जागा तीच. पाण्याची बाटली आणा, काल कमी पडलं.